चिठ्ठीत न आलेला नवरा

अस्मिता हिवराळे ही बाई मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले, तर ते खरे धरायला हरकत नाही.

ती मुलुंडला आईबरोबर राहते. वडील भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. ही संख्याशास्त्र शिकली, मग सार्वजनिक आरोग्य शिकली, आणि आता अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत एका गटाची प्रमुख आहे. माजी सैनिकांनी जीव देऊ नये म्हणून जे कार्यक्रम चालतात, ते खरोखर उपयोगी पडतात का, हे हा गट तपासतो. म्हणजे स्वतः ही कोणाला वाचवत नाही. वाचवणारे खरंच वाचवतात, की नुसतं पुण्य पदरात पाडून घेतात, एवढं बघते. माझ्या बहिणीला हे सांगताना मी म्हटलं, स्वयंपाक दुसऱ्याने करायचा आणि हिने येऊन सांगायचं, मीठ कमी आहे.

मला वाटलं होतं, हिच्या घरात कोणीतरी फौजी असणार आणि त्याचं काहीतरी झालेलं असणार. उगाच कोण असल्या कामात पडतं? एकदा सरळ विचारलं. तर म्हणाली, "नाही हो राधाताई, तसं काही नाही. आधी मी टीबीच्या गोळ्यांच्या कार्यक्रमाचं काम बघायचे. तिथे कळलं की चांगल्या मनाने केलेलं कामसुद्धा फुकट जातं, आणि कोणाला पत्ताही लागत नाही." एवढंच कारण! मला रागच आला. दुःख नाही, काही नाही, आणि ही येऊन माझ्या घरात बसणार.

आमचं घर घाटकोपर पूर्वेला. मी महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवते. माझे मिस्टर कुंडलिक, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर वांद्र्याला, बीकेसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. माणूस शिस्तीचा. बुटांना पॉलिश, मिशीला कात्री, रविवारी विहारात वंदनेला पहिल्या रांगेत. मग हळूहळू विहारात जाणं थांबलं. जेवण कमी झालं. बोलणं आधीच कमी होतं, ते संपलंच. घरातल्या वस्तू वाटायला लागले. फौजेतली घोंगडी वॉचमनला दिली, रेडिओ समोरच्या धोंडूला. मला वाटलं, दिवाळीआधीची आवराआवर चाललीय. वर मी त्यांना शाबासकीही दिली.

पण आत कुठेतरी मला कळत होतं. बायकोला कळतं. विचारायची हिंमत नव्हती, एवढंच. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर पुढे काय करायचं?

तेव्हाच माजी सैनिकांच्या संघटनेने एक नवीन कार्यक्रम सुरू केला. फौजेत प्रत्येक जवानाला एक बडी असतो. दोघं एकत्र ड्यूटी करतात, एकमेकांची पाठ सांभाळतात. निवृत्त झाल्यावर तो बडी सुटतो, आणि माणूस एकटा पडतो. म्हणून या कार्यक्रमात प्रत्येकाला पुन्हा एक बडी द्यायचा, दुसराच एखादा माजी सैनिक, शिकवून तयार केलेला. त्याने दर आठवड्याला फोन करायचा आणि गप्पा मारायच्या. आमच्या ह्यांचंही त्यात नाव होतं, आणि हा फोन खरंच कामाचा आहे का, हे ठरवायला अस्मिता आली.

ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा कुंडलिक खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. तिने बसा म्हटलं तरी बसेनात. तिने मला आत जायला सांगितलं. प्रश्न त्यांना एकट्यालाच विचारायचे होते. माझ्याच घरात मला आत पाठवलं! मी स्वयंपाकघरात गेले, पण कान बाहेरच होते. तिचे प्रश्न ऐकू येत नव्हते, ती हळू बोलत होती. ह्यांची उत्तरं मात्र खणखणीत.

"सब ठीक, मॅडम."

"नाही मॅडम. सब ठीक."

मी मनात म्हटलं, खोटारडा. तिसरीतलं पोर गृहपाठ न करता 'झाला बाई' म्हणतं, तोच आवाज. पण ती बाई लिहून घेत होती.

ती गेल्यावर मात्र हे म्हणाले, "आपल्या गावाकडची आहे. मेहकरची." कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन काढलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते तिच्याबद्दल. मी भांडी जरा जोरातच आपटली.

मग चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांना बडी द्यायचा नाही, असा हिचा नियम. नाव दिलेल्यांपैकी निम्म्यांना द्यायचा, निम्म्यांना नेहमीचंच: दवाखान्याचा पत्ता, मदतीच्या फोनचा नंबर, आणि हिने अधूनमधून येऊन चौकशी करायची. कोणाला काय, ते बंद पाकिटात. तिच्या ऑफिसमधला यज्ञेश नावाचा मुलगा पाकिटं घेऊन आमच्या मजल्यावर आला. समोरच्या दारात धोंडूला बडी मिळाला. आमच्या पाकिटातून नंबर छापलेलं कार्ड निघालं.

धोंडू मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, मालवणकडचा. सकाळी बाजारात मासे आणि मासेवाल्या दोघांशी भांडण, दुपारी झोप, संध्याकाळी हसणं जिन्यापर्यंत. ह्याला कसला धोका? ह्याच्यापासून दुसऱ्यांनाच धोका. नाव दिलं ते केवळ कुंडलिकला सोबत म्हणून. दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, हे शाळेत शिकवत आले, पण ते स्वतःच्या दारात बघताना काळजाचं पाणी झालं.

त्याची बायको माधुरी माझी मैत्रीण. ती काय बोलावी? "अगं, यांचा बडी काय झकास बोलतो माहितीय! अण्णा म्हणून आहेत, सांगलीचे. काल अर्धा तास नुसते हसत होते दोघं."

"छान," मी म्हटलं.

"तुझ्या ह्यांना नाही ना मिळाला? वाईट वाटलं गं."

तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि म्हणूनच ती मला त्या दिवशी सहन होईना. मी दार लावून घेतलं. आतून त्यांच्या घरातलं हसणं ऐकत बसले. मला माधुरीच्या साडीचा, दागिन्यांचा, मुलाच्या नोकरीचा कधी हेवा वाटला नाही. पण तिचा नवरा हसतोय आणि माझा भिंतीकडे बघतोय, ह्याने मी जळून खाक झाले. आणि तो सगळा जाळ मी अस्मितावर ओतायचा ठरवला. पाकिटं तिचीच ना!

शनिवारी शाळा सुटल्यावर मेट्रोने अंधेरीला गेले. ती टेबलाशी उभ्यानेच डबा खात होती. मी सुरुवात केली, "मॅडम, माझ्या मिस्टरांना तुम्ही..."

तिने दोन्ही कानांत बोटं घातली. खरंच घातली, वर्गातल्या पोरीसारखी. "सांगू नका! राधाताई, प्लीज. कोणाला बडी मिळाला आणि कोणाला नाही, हे मला कळता कामा नये."

"का?" मी आवाज चढवला. "तुम्ही प्रमुख ना इथल्या?"

"म्हणूनच. मला कळलं, तर ज्याला बडी मिळाला तो मला बरा दिसायला लागेल. मी माणूसच आहे. पाकिटं म्हणूनच दुसऱ्यांनी बनवली, यज्ञेश उघडतो. मी उघडत नाही."

मी तिथे उभी होते, आणि तिच्या कानात बोटं होती. मला वाटलं, एवढा माज? माझं ऐकूनसुद्धा घ्यायचं नाही? मी म्हटलं, "तो फोन चांगला आहे हे सगळ्यांना दिसतंय. मग सगळ्यांना का नाही देत?"

"दिसतं हो. दिसतं ते खरं असतंच असं नाही. कदाचित फोनने काहीच होत नसेल. कदाचित जुन्या आठवणी निघून त्रासच वाढत असेल. ते माहीत नसताना हजारो जणांना द्यायचं?" मग बोटं काढून ती म्हणाली, "पण एक सांगा. ते तुम्हाला बरे वाटत नाहीत का? जिवाला धोका असेल त्याच्यासाठी चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. त्याला लगेच उपचार."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि नवऱ्याबद्दल असं परक्या बाईला सांगायचं म्हणजे काय? "तुम्हीच विचारलंत ना त्यांना? मग तुम्हालाच माहीत," म्हटलं आणि निघाले.

उतरताना मनात पक्कं केलं. तुम्ही देत नाही ना, मग मी घेते.

पुढच्याच गुरुवारी माधुरीला म्हटलं, "अण्णांचा फोन आला की ह्यांनाही बोलाव ना. स्पीकरवर टाका."

"चालतं का गं तसं?"

मागून धोंडूच म्हणाला, "वहिनी, धाडून दे त्याका! फोन दोघांनी ऐकलो तर तो झिजतलो काय?"

आमच्या मजल्यावर मिक्सर, गॅसचा सिलिंडर, पाहुण्यांसाठी गाद्या, सगळं दोन घरांत मिळून असतं. एकाच्या घरी पुरण शिजलं की दुसऱ्याच्या ताटात पोळी पडतेच. बडी तेवढा एकट्याने खायचा, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हे अभ्यास बिघडवणं आहे, असं आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

पहिल्या वेळी कुंडलिक दारातच बसले. नंतर सोफ्यावर. नंतर धोंडू फोन त्यांच्याच हातात द्यायचा आणि स्वतः आत जाऊन चहा टाकायचा. अण्णा फौजेतून नाईक या हुद्द्यावर निवृत्त झालेले. म्हणजे हे त्यांना वरचे, तरी अण्णा ह्यांना "काय रे कुंडलिक" म्हणायचे. आणि हे बोलायचे! पंजाबातल्या थंडीबद्दल, फौजेच्या लंगरमधल्या डाळीबद्दल, कोणा एका मेलेल्या दोस्ताबद्दल. त्या दोस्ताचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एवढी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला, आणि त्याचं नाव मला शेजाऱ्याच्या दारातून ऐकायला मिळालं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण झालं असं की मला त्या फोनचाच मत्सर वाटायला लागला. ते घरी आल्यावर मी विचारायचे, "काय बोललात?" तर म्हणायचे, "काही नाही. असंच." मी ताट वाढायचे, ते जेवायचे. शब्द सगळे समोरच्या घरात ठेवून यायचे.

असाच एक गुरुवार. माधुरी आणि धोंडू खाली सोसायटीच्या मीटिंगला गेले होते. हे त्यांच्या घरात फोनवर, दार उघडं. मी कोथिंबीर मागायच्या निमित्ताने गेले. खरं तर ऐकायला गेले. स्पीकर बंद होता, अण्णांचा आवाज नव्हता. ह्यांचा होता.

"नाही अण्णा. आता नको वाटतं. सगळं नीट लावून ठेवलंय. राधाला काही त्रास होणार नाही."

मी दाराची चौकट धरली. आणि खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. भीती नाही आली. पहिलं आलं, की हे माझ्याबद्दल आहे आणि ते मला नाही, सांगलीच्या एका माणसाला सांगितलं. भीती त्याच्या मागून आली.

अण्णांनी त्यांना फोनवर धरून ठेवलं, आणि दुसऱ्या फोनवरून अस्मिताला कळवलं. त्यांना तसंच शिकवलेलं होतं. मीही गॅलरीत जाऊन तिला फोन लावला. "मॅडम, माझी चूक झाली, मी त्यांना चोरून फोन दिला, तुमचा अभ्यास..."

"तो अभ्यास गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ जाऊन बसा. एकटं सोडू नका. मी निघालेय."

ती आमच्या घरी आली तेव्हा कुंडलिक पुन्हा उठून उभे राहिले. ह्या वेळी तिने त्यांना बसवायचा प्रयत्न केला नाही. स्वतः खाली फरशीवर बसली, मांडी घालून. ते वर उभे, ती खाली. मग ते हळूच तिच्यासमोर बसले. तिने विचारलं, "हवालदार, जीव द्यावासा वाटतो का?"

इतकं सरळ. माझ्या घरात, माझ्यासमोर. मी जे शब्द इतके दिवस तोंडातसुद्धा येऊ दिले नव्हते, ते तिने पाणी मागावं तसे उच्चारले. आणि कुंडलिक म्हणाले, "हो."

मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.

त्याच संध्याकाळी डॉक्टर, मग काही दिवस वॉर्ड, मग गोळ्या, मग समुपदेशन. जीव द्यायला म्हणून त्यांनी जे जमवून ठेवलं होतं, ते त्यांनीच आम्हाला दाखवलं आणि धोंडू ते घराबाहेर घेऊन गेला. माधुरीने महिनाभर दोन्ही वेळचा डबा दिला. बरं व्हायला वेळ लागला. अजूनही लागतोय.

अस्मिताचं काय झालं, तेही सांगते. तिने चौकशी केली तर निघालं, आमच्यासारखे मजले ठिकठिकाणी होते. मुलुंडच्या एका सोसायटीत चौघांमध्ये एक बडी. तिचे आकडे बिघडले. शिवाय तिने सगळ्यांच्या उत्तरांचे कागद पुन्हा काढले. मला म्हणाली, "राधाताई, फौजेत वरच्याने विचारलं की एकच उत्तर असतं. मी 'मॅडम' म्हणून गेले आणि सगळ्यांकडून रिपोर्ट घेऊन आले. 'सब ठीक'. चूक माझी आहे." तिने पुढचा अभ्यास बदलला. आता चिठ्ठी एका माणसाची नाही, अख्ख्या वसाहतीची निघते. शेजारपाजारी वाटून खायचेच, तर वाटू देत. आणि प्रश्न विचारायला ती जात नाही. बरोबरीच्या दर्जाचा माजी सैनिक जातो, आणि बायकोला वेगळं विचारलं जातं.

वर्षअखेरीला एक सभा झाली. कार्यक्रमाला पैसे देणारी मंडळी आली होती, संघटनेचे लोक होते. त्यांनी कुंडलिकला पुढे बसवलं. त्यांच्याकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा आपलं यश!" टाळ्या पडल्या. अस्मिता उठली आणि म्हणाली, "हवालदार आज इथे आहेत ह्याचा मला आनंद आहे. पण एक माणूस वाचला म्हणून कार्यक्रम चालतो, असं मी लिहू शकत नाही. पहिल्या टप्प्यात आम्हाला उत्तर मिळालेलं नाही." माझं डोकं फिरलं. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "म्हणजे माझा नवरा कशातच नाही? ना फोनवाल्यांत, ना बिनफोनवाल्यांत?"

"अहवालात नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ते तुम्हाला सांगतात का, त्यांना कसं वाटतंय?"

"अण्णांना सांगतात. डॉक्टरांना सांगतात. तुम्हाला सांगतात. माझा नंबर लागत नाही अजून."

"तुम्ही विचारता?"

"कसं विचारणार? मनात नसलं तरी यायचं."

"नाही येत हो. विचारल्याने नाही येत. हे मात्र नीट तपासलेलं आहे." आणि तिची रिक्षा आली, ती गेली.

तिचं ऐकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पुष्कळ दिवस ऐकलंही नाही. मग गेल्या रविवारी हे स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. मी पोळ्या करत होते. पाठमोरीच होते, म्हणून जमलं असावं. म्हटलं, "अहो, मरावंसं वाटतं का हो अजून?"

मेथी निवडायचा आवाज थांबला.

"बुधवारी वाटलं होतं," ते म्हणाले.

तव्यावरची पोळी करपत होती. मी वळून म्हटलं, "मग? अण्णांना फोन केलात?"

"केला. संध्याकाळी. आधी दुपारभर तुझी वाट बघितली. म्हटलं, आज हिला सांगू." ते मेथीच्या काड्यांकडे बघत होते. "तू आलीस. वह्या तपासल्यास, जेवलीस, झोपलीस. नेहमीच असं होतं, राधा. तू विचारत नाहीस."

मी गॅस बंद केला. हात पुसले नाहीत, तशीच त्यांच्यासमोर बसले.

"बुधवारचं सांगा," मी म्हटलं. ते सांगायला लागले.